डाव्या हाताचे कापड

मित्रांनो, तुम्ही धोटा पाहिला आहे का कधी? नसेल पाहिला तर लाजू नका. आजकाल नागपुरात विणकरांच्या घरी जन्मलेल्या पोरांनाही मी माहीत नसतो, मग तुम्ही कुठून ओळखणार? तर मी असा एक जुना धोटा. हातमागावर उभे धागे ताणलेले असतात, त्यांच्यामधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे धावतो, तो मी. अंगाने लाकडाचा, वितीपेक्षा थोडा लांब, दोन्ही टोके निमुळती आणि त्यांवर लोखंडी टोप्या. पोट मात्र पोकळ. त्या पोटात सुताची कांडी बसवतात. पोटात सूत असले की मी धावतो, नसले की पडून राहतो. माणसांचेही काहीसे असेच असते म्हणा.

उमरेडच्या एका सुताराने मला शिसवाच्या उरलेल्या तुकड्यातून घडवले. तांडापेठेतल्या एका विणकराने मला विकत घेतले आणि त्याच दिवशी आपल्या मुलाला पहिल्यांदा मागावर बसवले. त्या मुलाचे नाव हेमराज. हेमराज पराते. मी नवा होतो आणि तोही नवाच. पहिल्या दिवशी त्याने मला इतक्या जोरात मारले की मी मागाबाहेर उडून थेट चुलीपाशी गेलो. त्याच्या बापाने मला उचलले, फुंकर मारून राख झटकली आणि पुन्हा मुलाच्या हातात दिले. ओरडला नाही.

माग कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायांनी पावड्या दाबल्या की उभे धागे वरखाली उघडतात. उजव्या हाताने दोरीला झटका दिला की मी त्या फटीतून पलीकडे पळतो. मग डाव्या हाताने मागाचा हात्या ओढून ठोका द्यायचा, म्हणजे मी टाकलेला धागा आधीच्या धाग्याला घट्ट चिकटून बसतो. पाहणारे वाहवा करतात ती माझ्या धावण्याची. पण कापड घट्ट होते ते डाव्या हाताच्या ठोक्याने. हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. मी थोडा शिष्ट आहे.

हेमराजचा ठोका सगळ्या गल्लीला माहीत होता. तो मागावर बसला की बाया एकमेकींना म्हणत, "बसला वं हेमराज." आम्ही नऊवारी लुगडी विणली. ती गांधीबागेच्या कापडबाजारात गेली की तिथला जुना व्यापारी गुलाबचंद गठ्ठा न सोडताच म्हणे, "पराते का माल है, खोलके क्या देखना." घरी येऊन हेमराज हे वाक्य जेवताना दोनदा सांगे आणि त्याची बायको जनाबाई दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे.

जनाबाई कांड्या भरून देई. माग पुरुषाचा आणि कांडी बाईची, अशी त्या घरची जुनी वाटणी. हेमराजला ताप आला, तो कुठे लग्नाला गेला, तर मात्र ती निमूट मागावर बसे. तिचा हातही वाईट नव्हता. त्या घराचा आणखी एक नेम होता. विणताना दोष आला, कुठे ठोका ढिला पडला, तर दिवेलागणीच्या आत तेवढे उसवून पुन्हा विणायचे. वाईट कापड परात्यांच्या उंबरठ्याबाहेर जाता कामा नये. या नेमाचा मला फार अभिमान होता.

मग दिवस पालटले. यंत्रमाग आले, लुगडी नेसणाऱ्या गेल्या, शेजारच्या घरांतले माग सरपणात गेले. हेमराजचा मुलगा वैभव हिंगण्याच्या कारखान्यात लागला. कंपनीची बस त्याला चौकातून उचलायची. हेमराजने माग काही मोडला नाही. पंचे विणायचा, टॉवेल विणायचा. कोणी हसले तर म्हणायचा, "हात रिकामे ठिवून काय करू गा?"

आणि एका सकाळी, उन्हाळा नुकता लागला होता तेव्हा, मी धाग्यांच्या मध्येच अडकलो. मला वाटले दोरी तुटली. पण दोरी शाबूत होती. हेमराजचा डावा पाय पावडीवरून सुटला होता, म्हणून धागे मिटले होते. त्याचा डावा हात हात्यावरून घसरून मांडीवर पडला होता आणि तो त्या हाताकडे टक लावून पाहत होता.

"काय होऊन राहिलं जी तुमाले?" जनाबाई धावत आली.

"पाय नाही वाटून राहिला मले," तो म्हणाला. त्याचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते.

शेजारच्या म्हातारीने सांगितले, "लकवा मारला हा. तेल गरम कर वं." जनाबाईने वाटीत तेल ओतलेही. पण वैभव रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. त्याने वाटी बाजूला सारली, बापाला उचलून ऑटोत घातले आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. मित्रांनो, हे त्याने फार शहाणपणाचे केले. कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात उचलेनासा झाला, जीभ अडखळू लागली, तर तेल चोळत बसू नका. आधी दवाखाना.

हेमराजचा जीव वाचला. तो घरी आला तेव्हा मी अजून त्या धाग्यांमध्येच अडकलेला होतो. घरात मला सोडवायचे कोणाला सुचणार? त्याने खाटेवरून माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. त्याच्या डाव्या अंगात जीव राहिला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

दवाखान्यातच एका खोलीत अशा माणसांना व्यायाम देतात. तिथे पायल रामटेके नावाची एक मुलगी काम करते. वयाने लहान, आवाजाने मोठी. तिने जनाबाईला सांगितले की काकाजींच्या हाताच्या ओळखीची एखादी वस्तू घरून घेऊन या. जनाबाईने मला धाग्यांतून सोडवले, पदराने पुसले आणि पिशवीत घातले. अशा रीतीने या वयात मी दवाखाना पाहिला.

तिथली दुनियाच वेगळी. एक निवृत्त मास्तर वाटीतले राजम्याचे दाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकत होते आणि घामाघूम झाले होते. एक बाई भिंतीवर बोटे चालवत हात वर चढवत होती. कोणी दोन दांड्यांमध्ये उभे राहायला शिकत होते. मोठमोठी माणसे आणि पुन्हा बालवाडी. पण कोणी हसत नव्हते.

पायलने खुर्ची ओढली आणि हेमराजला विचारले, "काकाजी, या हातानं तुम्हाला काय करायचं आहे?"

"मागावर बसाचं आहे."

"अजून काही?"

"नाही. तेवढंच."

"मग तेवढंच धरून चालू," ती म्हणाली. "हात मेला नाही तुमचा. डोक्यातून निघालेला निरोप हातापर्यंत पोचून नाही राहिला. जुनी वाट बंद झाली आहे. रोज निरोप पाठवत राहिलो तर दुसरी वाट सापडते. पण ही शोधाशोध पहिले काही महिनेच जोरात चालते. तेव्हा बसून राहायचं नाही."

मग ती मला त्याच्या डाव्या तळहातावर ठेवी. बोटे एकेक करून माझ्याभोवती वळवी आणि पुन्हा उघडी. डावा तळहात टेबलावर टेकवून त्यावर अंगाचा भार द्यायला लावी. मला एका फळीवरून उचलून दुसऱ्या फळीवर ठेवायला सांगे. हात उचलताना हेमराजचा खांदाच वर जाई. त्याला रडू येई, आणि रडू आले म्हणून राग येई. दवाखान्याच्या दिवशी वैभव रजा टाकून आलेला असे. तो खिडकीबाहेर पाही. पण एका सकाळी हेमराजचा अंगठा माझ्या पाठीवर दाबला गेला. अगदी एवढासा दाब. तो सगळ्यांच्या आधी मला कळला. मला इतका आनंद झाला की मला आवाज असता तर मी खोलीभर खटखट केली असती.

थोड्या दिवसांनी पायल म्हणाली, "घरचा माग आहे ना? आता रोज थोडा वेळ बसा त्यावर. काकू, तुम्ही बाजूला राहा. डावा हात हात्यावर ठेवायचा आणि काम त्यालाच करू द्यायचं. कापड वाईट येईल. येऊ द्या. दर आठवड्याला तुकडा कापून मला आणून दाखवा. मला ते वाईट कापडच पाहायचं आहे. ते पाहूनच मला कळेल पुढे काय करायचं."

जनाबाईने मान डोलावली. पण 'वाईट कापड' हे शब्द कानावर पडले तेव्हा तिने डोक्यावरचा पदर उगाच नीट केला.

हेमराज मागावर बसला. जनाबाईने त्याचा डावा पाय पावडीवर ठेवून दिला, डावा हात हात्यावर. उजव्या हाताने दोरी ओढली आणि मी धावलो. किती दिवसांनी धावलो. पण पलीकडे जाऊन पोचलो तरी ठोका येईना. आला तो असा, की धागा जागेवर हललासुद्धा नाही. आठवडाभरात जे झाले त्याला कापड म्हणायचे तर मच्छरदाणीलाही म्हणावे लागेल. पण मित्रांनो, ते त्याच्या डाव्या हाताचे कापड होते. एका टोकाला अगदी झिरझिरीत, आणि दुसऱ्या टोकाला किंचित दाट. तेवढा फरक आठवडाभरात पडला होता. पायलला नेमके तेच पाहायचे होते.

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी हेमराज जेवून खाटेवर आडवा झाला. जनाबाई मागापाशी आली. तिने त्या कापडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग ती खड्ड्यात उतरली, धागे उसवले आणि सगळे पुन्हा विणले. तिच्या मनात फसवणूक नव्हती हो. मी शपथेवर सांगतो. ज्या मागाचे कापड गुलाबचंद न उघडता घ्यायचा, त्या मागाचे असले कापड परक्या पोरीपुढे कसे न्यायचे, एवढीच तिला लाज वाटली. घरचा नेम तिने पाळला, इतकेच. थोडेसे ढिले ठेवले, म्हणजे अगदीच खोटे वाटू नये.

पायलने तो तुकडा उजेडात धरला. तिचा चेहरा फुलला. "काकाजी, हे तुम्ही विणलं?" ती म्हणाली. "मी तर याच्यापेक्षा कितीतरी वाईट येईल असं समजत होती." वैभवने कापड हातात घेतले, बापाच्या पाठीवर थाप मारली. हेमराजने तुकडा बोटांत धरून चाचपला आणि खाली पाहत राहिला. मला वाटले, लाजला.

पुढच्या आठवड्यापासून जनाबाई लाजेपोटी उसवत नव्हती, त्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरच्या आनंदापोटी उसवत होती. दर वेळी ती ठोका थोडा घट्ट करी. लेकराला बोट धरून चालवावे तसे तिने ते कापड हळूहळू सुधारत नेले. हेमराजने सकाळी विणलेले दुपारी निघून जाई. त्याचा हात खरोखर किती पुढे गेला आणि कुठे अडला, हे सांगणारी एकच गोष्ट त्या घरात होती आणि ती रोज उसवली जात होती. मला सगळे दिसत होते. पण मी स्वतःहून कुठे जाऊ शकत नाही आणि काही बोलूही शकत नाही. कोणी मारले की पळतो, एवढीच माझी धाव.

पायलला कोडे पडले. "इथे तर मनगट उचलून नाही राहिलं काकाजी. घरी कसं जमते?"

"घरचा माग आहे," हेमराज म्हणाला. "सवय आहे त्याले."

तिला ते पटले. ओळखीच्या कामात हात जास्त चालतो, हे तिच्या विद्येतही सांगितलेले आहे. तिने हाताचा वेळ कमी केला आणि पायाचा वाढवला. तिला तरी दोष कसा द्यायचा? तिने मागितले होते वाईट कापड आणि तिला मिळत होते चांगले.

इकडे वैभवच्या कारखान्यात त्याच्या रजांवरून कुरबुर सुरू झाली होती. साहेबाने तोंडावर सांगितले की आणखी एक रजा टाकलीस तर गेटबाहेर उभा राहशील. वैभवने घरी येऊन ते सांगितले आणि तो मागापाशी जाऊन बसला. कापडावर बोट फिरवत म्हणाला, "आई, बाबाचा हात तर आला वं. आता दवाखान्यात न्याची गरज आहे का? घरीच करतीन ते."

जनाबाईने नवऱ्याकडे पाहिले. हेमराज म्हणाला, "करीन. तू जा ड्युटीवर."

दवाखाना सुटला. पायलने फोन केला, महिन्यातून एकदा तरी आणाच म्हणाली. वैभव हो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता, त्याला खरेच न्यायचे होते. पण पाळी बदलली, मग पावसाळा आला, मग दिवाळी. बरे झालेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला कोणाला सवड असते? आणि ते पहिले काही महिने, ज्यांत शोधाशोध जोरात चालते, ते असेच निघून गेले. परत येणारे ते महिने नव्हते.

हेमराजचा हात मिटू लागला. कोपर आत वळले, मनगट वाकले, बोटे तळहातात रुतली. लोक म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ तशी नव्हती. तिच्यात त्याचीच नखे त्याला टोचत होती. तो ती शालीखाली लपवून ठेवी. कोणी आले की, "थंडी वाजून राहिली," म्हणे. मागावर बसायचा, पण डावा हात मांडीवर ठेवून उजव्यानेच दोरी ओढायचा आणि उजव्यानेच हात्या. पुढे पुढे तेही सुटले. सगळे कापड जनाबाईच विणू लागली. मी तिच्या हाताखाली धावत होतो आणि मला धावणे नकोसे झाले होते. असे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

थंडीतल्या एका दुपारी पायल दारात उभी राहिली. गल्लीतल्या दुसऱ्या एका रोग्याच्या घरी आली होती, म्हटले काकाजींना भेटून जावे. दार उघडेच होते. हेमराज खाटेवर डोळे मिटून पडला होता. जनाबाई खड्ड्यात बसली होती आणि मी पळत होतो. तिने पायलला पाहिले आणि तिचा हात दोरीवरच थांबला.

पायल चपला काढून आत आली, खाटेपाशी बसली, शाल बाजूला केली. ती मूठ तिने आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि हलकेच उघडायचा प्रयत्न केला. बोटे उघडेनात. मग ती मागापाशी आली आणि कापडावर हात ठेवून खाली बसली.

"काकू," ती म्हणाली, "मी वाईट कापड मागितलं होतं."

जनाबाईने दोरी सोडली. पदर तोंडाशी धरून ती एवढेच म्हणाली, "तसं कापड कसं आणू वं बाई तुह्यापुढं? परात्याच्या घरचं?"

"चांगलं कापड पाहून मी हाताचा व्यायाम कमी केला काकू. मला वाटलं हात चालून राहिला."

"तिले काही नको म्हणू बेटा." खाटेवरून आवाज आला. हेमराज झोपलेला नव्हता. "मले मालूम होतं."

जनाबाईने वळून पाहिले. "काय मालूम होतं?"

"पयल्याच तुकड्याले वळखलं. तुहा ठोका मी वळखत नाही का वं? माहा ठोका बसते कडक. तुहा बसते नरम, पण एकसारखा."

"मंग बोलले काहून नाही जी?"

हेमराज छताकडे पाहत राहिला. "पोराची नोकरी जाऊन राहिली होती," तो म्हणाला. "कापड पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. मंग मी कसं म्हणू का हे माहं नाही? अन् तुले वाटून राहिलं होतं का ते कापड मी माह्याच हाताचं समजून राहिलो. म्हटलं, वाटू दे हिले."

जनाबाई खड्ड्यातून वर आली नाही. तिथेच बसून म्हणाली, "अन् मी म्हणे, तुमाले वाटते तर वाटू दे."

मित्रांनो, मी इतकी वर्षे त्या दोघांच्या मधून धावलो आहे. त्यांच्यात मी कधी भांडण पाहिले, कधी अबोला पाहिला. एकमेकांवरचे एवढे प्रेम आणि त्याने केलेले एवढे नुकसान मात्र मी त्या दुपारीच पाहिले. मला फार वाईट वाटले. आजही वाटते.

संध्याकाळी वैभव घरी आला. त्याला सगळे सांगितले तेव्हा तो ते कापड हातात घेऊन बसला. विणकराच्या पोराला आई आणि बाप यांचा ठोका वेगळा ओळखता आला नाही, याचे त्याला काय वाटले ते त्याने सांगितले नाही. एवढेच म्हणाला, "नोकरी दुसरी पाह्यली असती बाबा. हात दुसरा कोठून पाहू?"

दुसऱ्या दिवशी तो बापाला घेऊन दवाखान्यात गेला. रजा टाकली. साहेब खूप ओरडला, पण नोकरी गेली नाही. ज्या भीतीपायी सगळे घडले, ती भीती एवढीच होती.

पायलने खोटी आशा दिली नाही. "उशीर झाला म्हणून सोडायचं नाही काकाजी," ती म्हणाली. "पण तेव्हा जे सोपं होतं, ते आता अवघड आहे. ते मी लपवणार नाही तुमच्यापासून." पुन्हा मी त्याच्या तळहातावर, पुन्हा बोटे एकेक करून उघडणे. गरम पाण्याचा शेक, ताण, पट्टी. त्याला फार दुखायचे. मूठ थोडी उघडू लागली. धुता येईल एवढी, नखे कापता येतील एवढी. काठी घेऊन तो परसापर्यंत चालू लागला. हेही थोडे नाही. पण एक दिवस सगळ्यांसमोर तो मागावर बसला, जनाबाईने डावा हात हात्यावर ठेवला, आणि तो हात तसाच खाली मांडीवर आला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला.

तेव्हा हेमराज म्हणाला, "वैभव, भरून टाक हा खड्डा."

"राहू द्या ना बाबा."

"माहा पाय घासत जाते. एखाद दिवशी पडीन त्याच्यात."

ते खरेच होते. पायलनेही घरातली जमीन सपाट असावी म्हणून सांगितले होते. पण कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. वैभवने मुरूम आणला, विटांचे तुकडे आणले. ज्या खड्ड्यात हेमराजचा बाप बसला, तो स्वतः बसला, तो खड्डा एका रविवारी भरला गेला. मागाची लाकडे बांधून माळ्यावर ठेवली. जनाबाईने वरून सिमेंट सारवले आणि ते वाळेपर्यंत त्यावर कोणाला पाय ठेवू दिला नाही. हेमराज खाटेवर बसून पाहत होता. त्याला जे एकच काम त्या हाताने करायचे होते, ते आता कधीच होणार नव्हते, आणि हे त्याने दुसऱ्या कोणाच्या आधी मान्य केले होते.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर त्याने मला पायलच्या टेबलावर ठेवले. "ठेव ह्याले इथंच," तो म्हणाला. "घरी ह्याले काम नाही."

तेव्हापासून मी इथे आहे. पोटात कांडी नाही, धावणे नाही. पण हात मात्र खूप पाहतो. भाजी विकणारे, हिशेब लिहिणारे, पोळ्या लाटणारे. कोणाची बोटे मला धरतात, कोणाची धरता धरता सुटतात. प्रत्येक रोग्याच्या मागे घरचे कोणीतरी उभे असते आणि त्याचा हात सारखा पुढे येत असतो. चमचा सरळ करायला, बटण लावून द्यायला, काहीतरी सावरून घ्यायला. मी त्या पुढे येणाऱ्या हातांकडे पाहतो आणि मला जनाबाई आठवते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी असे कोणी अंथरुणाला खिळेल. तेव्हा सेवा जरूर करा. त्यांना उठवा, बसवा, त्यांच्याशी बोला, व्यायामाला न चुकता घेऊन जा. पण त्यांच्या हातचे वाकडेतिकडे काम गुपचूप सरळ करू नका. त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरावरून, सांडलेल्या घासावरून, ढिल्या ठोक्यावरून लाजू नका. ते वाईट दिसते, पण ते खरे असते, आणि जे खरे आहे त्यालाच औषध देता येते. आणि एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून गप्प बसू नका.

आत्ता माझ्यासमोर सुमंत नावाचे एक गृहस्थ बसले आहेत. नागपूरच्या सदर भागात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. त्यांच्या डाव्या हाताने मला फळीवरून उचलले आहे आणि तो हात हवेत थरथरत आहे. मी घसरतो आहे. त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची मुलगी ऋतुजा दोन्ही हात पुढे करून मला झेलायला निघाली आहे. ऋतुजा, थांब पोरी. हात मागे घे. पडू दे मला. मी लाकडाचा आहे, मला लागत नाही.